चाचीचा आवाज

व्यक्तिचित्र म्हणलं की तुमी रुमाल काढून बसता, मला ठाव हाय. शाळेच्या पुस्तकात बी तसंच असायचं. माणूस गरीब, कपडे फाटके, मन सोन्याचं, आणि शेवटच्या परिच्छेदात तो मरतो. मग खाली प्रश्न : लेखकाला त्यांची आठवण का येते ते तुमच्या शब्दांत लिहा. तर आधीच सांगून टाकतो. चाची मरत न्हाय. चाची ठणठणीत हाय. मन सोन्याचं हाय का पितळेचं ते मला म्हाईत न्हाय, पण परवाच निमगाव केतकीच्या ष्ट्यांडवर एका रिक्षावाल्याला दम देताना दिसली, आणि रिक्षावाला रडायच्या बेताला आलता.

दुसरी गोष्ट. मी नकला करतो हे ज्यांना ठाव हाय ते म्हणतील, आता हा हसवणार. हसवीन की. जमंल तितं हसवीन. पुढं पुढं जमंल असं मला वाटत न्हाय.

चाची म्हंजे समीरची आई. समीर माज्या वर्गात, बारामतीला, बी.एस्सी.ला. त्यांचं निमगावात बांगड्यांचं दुकान. पुढं काचेचं कपाट, मागं घर. समीरचे अब्बा टेम्पो चालवायचे आणि गप्प असायचे. घरात बोलायचं काम एकाच माणसाकडं दिल्यालं होतं आणि ते चाचीनं चोख केलं.

आमची येष्टी इंदापूरवरनं निघायची. निमगावला समीर आणि चाची चढायची, सणसरला मी. व्हय, चाची बी. रोज. पोरगं कॉलेजला, आई बी कॉलेजला. मी चढायचो तवा बसायला जागा नसायची, म्हणून मी दांड्याला लटकून ह्या दोघांकडं बघत उभा. तीन वर्षांत केमिस्ट्री जेवढी शिकलो त्याच्यापेक्षा जास्त मी चाची शिकलो.

चाची खिडकीत, समीर आतल्या बाजूला. कारण खिडकीत बसलं की हात बाहेर जातो, आणि हात बाहेर गेला की उसाची ट्रॉली तो हात घेऊन थेट कारखान्यावर जाती.

‘‘मग वजनकाट्यावर जाऊन सोडवून आणायचा का?’’ मी इचारायचो.

‘‘हस तू, हस. तुज्या आईला तिघं हायती. मला ह्यो येकच हाय.’’

तिच्या मांडीवर पिशवी असायची. त्यात उलटी होऊ न्हाय म्हणून लिंबू, उकळून गार केल्यालं पाणी, टॉवेल, मलमाची डबी आणि चपलांचा एक जादा जोड. समीरची चप्पल तुटली तर! ती कधी तुटली न्हाय. तुटंल कशी? पोरगं चालायचंच किती?

आणि तिचा एक शब्द होता. ‘जपून.’ लोकं बोलताना मधीमधी ‘म्हंजे’ घालतेत, तसं ही ‘जपून’ घालायची. जपून चढ. जपून बस. जपून खा. एकदा समीर गाडीत पेंगायला लागला तर म्हणली, ‘‘जपून झोप.’’

‘‘चाची, झोपायला काय जपायचं?’’

‘‘मान लचकती.’’

मी एकदा असा काय इनोद केला की समीर पोट धरून हसायला लागला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून, ‘‘बेटा, जपून हस, ठसका लागंल.’’

एकदा कंडक्टरनं इचारलं, ‘‘चाची, पोराबरोबर तुमाला बी डिग्री देणार हायत का?’’

‘‘द्यायलाच पायजे,’’ चाची आपलं हाफ तिकीट पिशवीत घालत म्हणली, ‘‘हजेरी माजी जास्त हाय.’’

कॉलेजच्या गेटच्या आत तिला सोडायचे न्हाईत. मग समोर झेरॉक्सचं दुकान होतं, तितं स्टुलावर बसायची. नुसती बसंल तर ती चाची कसली. बांगड्यांचं एक खोकं संगं आणायची. पोरी सुट्टीत यायच्या, हात पुढं करायच्या. पोरीचं मनगट चाचीच्या हातात आणि चाचीची नजर गेटवर. न बघता काचेच्या बांगड्या भरायची बाई, एक काच टिचायची न्हाय. समीर म्हणला की उद्या सुट्टी हाय, तर खरंच हाय का म्हणून वॉचमनला फोन करून इचारायची. तिसऱ्या वर्षाला वॉचमनच आपणहून फोन करायला लागला.

आता तुमी म्हणाल, येवढं कशापायी? तर समीर लहान असताना निमगावच्या बाजारात हरवला होता. अर्धा तास. सगळा बाजार हिनं पालथा घातला, वांगीवाल्याची वांगी उलथली, कोंबड्यांच्या डालग्यात बघितलं. आणि पोरगं सापडलं कुठं? हिच्याच पालात, बांगड्यांच्या खोक्याला टेकून झोपल्यालं. ही गोष्ट ती सवता हसत सांगायची. हसायची, पण सांगताना समीरच्या शर्टाची बाही तिच्या मुठीत असायची. आमच्या लेखी तो अर्धा तास होता. तिचा अजून चालूच होता.

समीरची गंमत सांगतो. गंमतच म्हणायची. कॅन्टीनमधी मी त्याला इचारायचो, ‘‘भूक लागली का रं?’’ तर तो आधी खिडकीतनं झेरॉक्सच्या दुकानाकडं बघायचा. टायम किती झाला म्हणलं की आपण घड्याळाकडं बघतो ना, तसं. पायाचं माप त्याला ठाव न्हाय, मापाला अम्मी यायची. रस्ता वलांडताना मधीच थांबायचा, कारण त्याच्या हाताला सवय, कुणीतरी धरंल. अठरा वर्षांचा गडी. मिशी आल्याली. लई हुशार. समीकरण फळ्यावर सर अर्धं लिवायचे तोवर ह्याचं वहीत पुरं व्हायचं. पण एखाद्या दिवशी चाची दोन पेनं द्यायला इसरली आणि एक पेन बंद पडलं, तर बसून राहायचा. दुसऱ्याला मागायचं कसं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी चाचीला कुणीतरी सांगितलं की पोरं तितं तेजाब हाताळतेत. झालं. शेजारच्या टेलरकडनं तिनं एप्रन शिवून घेतला. जाड कापड, आत रेग्झीन, बाह्या बोटांच्या बी पुढं. समीर लॅबमधी आला ते फटफटीवर झाकण टाकल्यागत. आणि त्या बाहीत अडकूनच त्याची बाटली आडवी झाली. नशीब, आत मिठाचं पाणी होतं. सर म्हणले, ‘‘हे काय घातलंय रे?’’ समीरनं खिडकीतनं गेटकडं बघितलं. सरांनी बी बघितलं. मग सरांनीच त्याच्या बाह्या कोपरापतोर दुमडून दिल्या. तेवढा वेळ समीर दोन्ही हात पुढं करून उभा होता, बांगड्या भरून घेणाऱ्या पोरीसारखा.

नकलेचं आता. मी कंडक्टरची करायचो, प्राचार्यांची करायचो, घंटागाडीची करायचो. चाचीची करत नव्हतो, भ्या वाटायचं. पण एकदा बारामतीत उतरताना माज्या तोंडातनं निसटलं. समीर पायरीवर होता. मी मागनं चाचीच्या आवाजात म्हणलो, ‘‘समीर बेटा, जपून!’’ तर तो तितंच थांबला, एक पाय हवेत. मागची सगळी माणसं एकमेकांवर आदळली. गाडीत हशा. चाची आधीच खाली उतरल्याली. ती वळली. मी म्हणलो, मेलो.

‘‘माजा आवाज येवढा घोगरा हाय व्हय रं?’’

‘‘न्हाय चाची, जरा चुकला.’’

‘‘परत काढ.’’

मी काढला.

‘‘बेटा म्हणायच्या आधी मी थांबते. तू थांबत न्हाईस. आणि शेवटाला आवाज वर न्हाय न्यायचा, खाली आणायचा. परत.’’

ती मला नक्कल शिकवत बसली, ष्ट्यांडवर, लोकं बघायला लागली तरी. मग रोजचाच खेळ झाला. मी ‘जपून बेटा’ म्हणायचो आणि ती मान हलवून पास-नापास करायची. एक दिवस म्हणली, ‘‘आता झालं. आता माज्या आईला बी वळकू यायचं न्हाय.’’ मला लई आनंद झाला होता. बक्षिसं मिळाली हायत मला, पण तसा आनंद न्हाय.

शेवटच्या वर्षाला सरांनी समीरला सांगितलं, एम.एस्सी.ला पुण्याला जा. हितं थांबू नगंस. चाचीनं ऐकलं आणि म्हणली, बघू. तिचं ‘बघू’ म्हंजे न्हाय, हे सगळ्या गाडीला म्हाईत. सरांनी समजावलं. समीरच्या मामानं समजावलं. कंडक्टरनं सुद्धा तिकीट फाडता फाडता समजावलं. ‘‘बघू,’’ चाची म्हणायची.

आणि मग ते बांगडीचं झालं. सणसरच्या पुढं गतिरोधकावर गाडी अशी उडाली की चाचीचा हात खिडकीच्या गजावर आपटला आणि हातातल्या दोन बांगड्यांचा चुरा झाला.

‘‘चाची, बांगड्या फुटल्या तुमच्या.’’

‘‘फुटल्या म्हणू नये रं. अशुभ असतंय. वाढवल्या म्हणावं.’’

‘‘आँ? तुमच्यात बी?’’

‘‘समद्यातच. ज्या बाईच्या हातात बांगडी, तिच्यात. आमच्या धंद्यात फुटली ह्यो शब्दच न्हाय.’’

‘‘म्हंजे पार चुरा झाला तरी वाढवलीच म्हणायचं?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग समीरला बी तुमी चांगलाच वाढवलाय की!’’

गाडी फुटली हसून. कंडक्टर हसला, ड्रायव्हरनं आरशातनं बघून इचारलं काय झालं, मग त्याला सांगितलं तर तो बी हसला. आणि समीर हसला. ठसका लागंपतोर हसला. चाचीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला न्हाय. ती त्याच्याकडं बघत होती. पोरगं हसून झाल्यावर डोळे पुसत समोर बघत बसलं, आणि पहिल्यांदाच, हसलो ते बरुबर का, असं इचारायला आईकडं वळलं न्हाय.

चाचीनं मांडीवरच्या काचा एक एक उचलून पदरात घेतल्या. बारामती येईस्तोवर काय बोलली न्हाय. उतरताना ‘जपून’ बी न्हाय. मी आपला खुशीत, इनोद बसला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सणसरला चढलो तर खिडकीत समीर होता. कोपर बाहेर काढून. चाची आतल्या बाजूला, हात मांडीवर, नजर पुढच्या बाकावर. उसाची ट्रॉली शेजारनं गेली तवा तिनं डोळे मिटले. पण बोलली न्हाय. आणि त्याच आठवड्यात तिनं घरात सांगितलं, पुण्याला जाऊ दे त्याला. समीर सांगायचा, अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणले, ‘‘कोण म्हणलं? ही? हीच?’’

समीर पुण्याला निघाला तवा मी बारामतीच्या ष्ट्यांडवर होतो. आमची पैज लागल्याली, चाची पुण्याच्या गाडीत चढती का न्हाय. कंडक्टर म्हणला, चढती. मी म्हणलो, चढती. पैज लावायला समोर माणूसच मिळंना. समीर चढला. वळकटी वर ठेवली. खिडकीत आला. चाची खाली, खिडकीचा गज धरून. गाडी चालू झाली. तिनं गज सोडला. बास. जपून न्हाय, लिंबू न्हाय, पोचला की फोन कर न्हाय. कायच न्हाय. पदर तोंडावर घेतला आणि इंदापूरच्या गाडीकडं चालायला लागली.

मी हाक मारली, ‘‘चाची!’’ तर बघितलं सुदिक न्हाय.

मला वाटलं, रुसली. पोरगं सोडून गेलं म्हणून रागावली. समीरला बी तेच वाटलं. गाडीतनंच मला फोन, ‘‘अम्मी रागावली रं. जपून बी न्हाय म्हणली.’’

मी तवर बारामतीत कामाला लागलो होतो. आवाजाचंच काम. रिक्षावर भोंगा लावून जाहिराती फिरवतेत ना, त्यातला आवाज माजा. सेल, सर्कस, डोळ्यांचं शिबिर, हरवल्याली म्हैस. एका दुकानाच्या माळ्यावर लहानशी खोली, भिंतीला गाद्या ठोकल्याल्या, त्यात बसून मी सगळ्या गावाला बोलवायचो.

समीरचा फोन तितं यायचा. पहिल्यांदा नुसता गप्पा मारायला. हॉस्टेल बरं हाय. पोरं बरी हायती. कुणी त्रास देत न्हाय. पण अम्मी फोन घेत न्हाय. अब्बांच्या फोनवर केला तर ते म्हणतेत दुकानात गिऱ्हाईक हाय. रात्री जरा बोलती, पण गिऱ्हाइकाशी बोलल्यागत. बरा हाईस का, बरं, ठेवते. बाकी कायच इचारत न्हाय.

‘‘जेवलास का इचारत न्हाय?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग जेवलास का?’’

तो गप्प. मग म्हणला, ‘‘मेस बंद झाली. मी बसलोच होतो खोलीवर. वाटलं कुणीतरी बोलवंल.’’

मी हसलो. तो बी हसला. मग म्हणला, ‘‘ए, आवाज काढ ना अम्मीचा. एकदा.’’

मी गाद्यांच्या खोलीत बसून, घसा साफ करून, चाचीनं शिकवल्यालं तसं, आधी थांबून, आवाज खाली आणून म्हणलो, ‘‘समीर... बेटा, जेवला न्हाईस? ऊठ. खाली गाडा हाय न्हवं? जा, काय तरी खाऊन ये. जपून.’’

पलीकडं खुर्ची सरकल्याची, चप्पल घातल्याची चाहूल. मग फोन बंद. थोड्या वेळानं मेसेज : खाल्लं.

मला काय वाटलं सांगू? मला भारी वाटलं. बारामतीत बसून मी पुण्यातला माणूस जेवायला घातला.

मग ते रोजचं झालं. सकाळी उठवायचं. आंघोळ. कपडे भिजत टाक. आज निळा घाल. रस्ता वलांडताना आधी उजवीकडं. मी भोंग्याचं काम थांबवून चाची व्हायचो. पयला आमी दोघं मधीमधी हसायचो. मग मी एकटाच हसायला लागलो. एकदा असंच बोलता बोलता मी माज्या आवाजात आलो, ‘‘आरं, त्या प्रोजेक्टचं काय झालं?’’ तर तो म्हणला, ‘‘तू गप. अम्मीला बोलू दे.’’

माजा हात फोन बंद करायला गेला. खरं सांगतो. पण मी गप झालो आणि अम्मीला बोलू दिलं.

मी त्याला म्हणलं बी एकदा, हे बंद करू. तर म्हणला, मग मी उपाशी राहीन. धमकी न्हाय हां. सरळ सांगितलं, उद्या पाऊस हाय म्हणतात तसं. मी निमगावला जाऊन चाचीशी बोलावं, असं बी मनात आलं. पण मला वाटायचं ती रुसल्याली हाय. रुसल्याल्या बाईला काय सांगणार? तुमच्या जागी मी बोलतोय?

मग तो दिवस. दुपारची वेळ. मी चपलांच्या सेलची जाहिरात भरत होतो. समीरचा फोन. त्याचं सेमिनार होतं, वर्गापुढं उभं राहून बोलायचं. वर्गाच्या भाईर उभा होता, मला मागं पोरांचा गलका ऐकू येत होता.

‘‘अम्मी,’’ तो म्हणला. आता पयल्यापासनंच अम्मी म्हणायचा. ‘‘माजे पाय आत जात न्हाईत.’’

‘‘बेटा, जा. पाणी पी आणि जा.’’

‘‘न्हाय जात. अम्मी, मी घरी येऊ का?’’

आता बघा. नक्कल करणाऱ्याचं एक असतंय. आवाज पकडला की तो आवाजच बोलतो, आपण नुसतं तोंड देतो. चाची काय म्हणली असती? तीन वर्षं बघितलं होतं मी तिला. निमगावचं पोर बी सांगंल ती काय म्हणली असती. मी इचार केला न्हाय. आधी थांबलो. आवाज खाली आणला.

‘‘ये बेटा. ये. जपून ये.’’

तो आला. त्याच संध्याकाळी. वळकटीसकट. परत गेला न्हाय. कॉलेजवाल्यांनी फोन केले, खोलीतल्या पोरांनी केले, आमचे बारामतीचे सर इंदापूरला कुणाच्या लग्नाला चालले होते ते वाटेत निमगावला उतरून समजावून गेले. समीर कुणाशी भांडला न्हाय. ऐकून घ्यायचा, व्हय म्हणायचा आणि बसून राहायचा. आता दुकानात असतो. गिऱ्हाईक आलं की खोकं काढून देतो. कुठल्या रंगाचं, ते गिऱ्हाइकानं सांगितलं तरी आतल्या दाराकडं बघतो.

मी एकदा गेलो होतो भेटायला. म्हणलं हसवावं. कंडक्टरचा आवाज काढला, प्राचार्यांचा काढला. तो हसला बी. मग हळूच म्हणला, ‘‘अम्मीचा नको काढूस हां. आता खरी हाय.’’ मी चहा अर्धा ठेवून निघालो.

चाची त्या दिवशी बाजाराला गेल्याली. ती आली नंतर. बारामतीला, माज्या माळ्यावर, एकटी. जिन्यावर पावलं वाजली, मी म्हणलो पार्टी आली जाहिरातीची. दार उघडलं तर चाची. धापा टाकत. तिनं गाद्या लावल्याल्या भिंती बघितल्या, माईक बघितला. खाली रस्त्यावरनं माजाच आवाज चालला होता, या हो या, चपलांचा महासेल.

‘‘हितं बसून माजा पोरगा बोलवलास व्हय?’’

मी उभा राहिलो. ‘‘चाची, बसा की.’’

‘‘मी त्याला म्हणलं, कशाला आलास? तर म्हणतो, तूच म्हणलीस ये. मी म्हणलं, कवा? तर फोन दाखवतो. नंबर तुजा.’’

‘‘चाची, तो उपाशी राहायचा. तुमी फोन घेत नव्हता. तुमी रुसला होता...’’

‘‘रुसले?’’ ती अशी वरडली की खालचा दुकानदार जिन्यात आला आणि बघून परत गेला. ‘‘मी रुसले? भाड्या, मी शिकत होते! सकाळी फोन पेटीत टाकून कुलूप लावायची आणि चावी ह्यांच्याजवळ द्यायची. सांजंची मगरीबची अजान झाली की मगच द्या म्हणायची. मधी मागितली तरी देऊ नका. बांगड्या भरताना ध्यान सगळं त्या पेटीकडं. लोकांच्या लेकीबाळींच्या हाताला काच लागली माज्याकडनं, जन्मात कधी लागली नव्हती. उपाशी राहील, म्हाईत होतं मला. दोन दिस राहील, चार दिस राहील. मग भूक लागंल ना त्याला? त्याची त्याला? एकदा तरी? तू लागूच दिली न्हाईस!’’

माज्या तोंडाला खोड हाय. म्हणलो, ‘‘चाची, मी आपलं तुमी जे म्हणला असता तेच म्हणलो. ये म्हणलो. तुमी न्हाय म्हणला असता का?’’

ती थांबली. बेटा म्हणायच्या आधी थांबायची, तशी. पण पुढं बेटा आलं न्हाय.

‘‘मी काय म्हणले असते ते मला तरी कुठं ठाव हाय?’’ आवाज खाली आलता. ‘‘ये म्हणले असते का, राहा म्हणले असते. पोरगं पहिल्यांदा इचारत होतं. आणि मी पहिल्यांदा इचारल्यावर सांगणार होते. ती बारी माजी होती. तू घेतलीस.’’

‘‘चुकलं चाची.’’

‘‘चुकलं म्हणतंय. कंडक्टरची कर नक्कल, मास्तरची कर, माजी बी कर, मीच शिकवली तुला, माजीच जीभ झडू दे. पण आई आणि लेक बोलत असताना मधी तोंड घालू न्हाय, येवढं बी तुज्या आईनं शिकवलं न्हाय का रं तुला?’’